आरसीवरचा १४८९

गाडी विकायला ठेवली होती, पण पहिल्या मिनिटात विकला गेलो तो मी. इंदूरजवळ राऊच्या पुढे हायवेला लागून एक गॅरेज आहे, तिथे ती उभी होती. हिंदुस्तान मोटर्सची जुनी लालभडक कॉन्टेसा, बॉनेटपासून डिकीपर्यंत दोन काळे पट्टे, बॉनेटवर हवेसाठी केलेला उंचवटा, रुंद टायर, आणि डिकीवर ‘क्लासिक’ आणि ‘१.८ इसुझू’ असे चकचकीत बिल्ले. गॅरेजवाला म्हणाला, "भिया, इंडिया की मसल कार है. एकदम ओरिजिनल. विंटेज पीस." किंमत पावणेसहा लाख.

मनातल्या मनात मी ती लोकमान्यनगरच्या आमच्या गल्लीत लावूनही टाकली होती. साडेचार मीटरच्या वर लांब गाडी गल्लीत वळेल का, एवढीच काय ती चिंता उरली होती.

नशीब, काका सोबत होते. काकांची अख्खी नोकरी पीथमपूरला, हिंदुस्तान मोटर्सच्या इंजिनाच्या कारखान्यात गेली. कॉन्टेसा बंगालात उत्तरपाड्याला तयार व्हायची, पण तिचं इसुझू इंजिन आपल्या इथे, इंदूरपासून तासाभराच्या अंतरावर बनायचं. पुष्कळ इंदूरकरांना हे सांगितलं तर खोटं वाटतं.

काकांनी पट्ट्यांकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "आधी आरसी दाखवा." चष्मा कपाळावर सरकवून नोंदणीचा तो कागद नाकाजवळ धरला आणि माझ्या हातात दिला. "वाच. सीसी किती लिहिलंय?"

१४८९.

मला लगेच कळलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. कॉन्टेसा आली १९८४ मध्ये. बॉडी मूळची ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलची, पण सुरुवातीला आत इंजिन होतं ॲम्बॅसडरचं, १४८९ सीसीचं. पैलवानाच्या छातीत पाचवीतल्या पोराचा दम. पुढे १८१७ सीसीचं इसुझू पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर आले, ती ‘क्लासिक’. त्यानंतर दोन लिटरचं डिझेलही निघालं, आणि २००२ मध्ये गाडीच बंद झाली. म्हणजे कागदावर १४८९ आणि डिकीवर ‘१.८ इसुझू’ असेल, तर मधे कुणीतरी हात मारलाय.

बॉनेट उघडलं. काकांनी रॉकेलच्या बोळ्याने ब्लॉक पुसला, बोटाने नंबर चाचपला आणि इतक्या प्रेमाने हसले की मला आशा वाटली. "इंजिन शंभर टक्के आपलंच. पण या गाडीचं नाही. गाडी खरी, इंजिन खरं, लग्न मात्र नंतर लावलेलं."

अमेरिकन मसल कारच्या, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात नेमका हाच खेळ चालतो, फक्त आकडे डोळे फिरवणारे. १९७१ ची प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल २०१४ मध्ये सिॲटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. हेमी हे तिच्या दांडग्या इंजिनाचं नाव. त्याच गाडीत साधं इंजिन असेल तर किंमत याच्या आसपासही फिरकत नाही. त्यामुळे साध्याची हेमी करून विकायचा मोह होतोच. पण १९७१ च्या प्लिमथच्या चासी नंबरात पाचवं अक्षर इंजिनाचं असतं, आणि ४२६ हेमीसाठी ते ‘आर’च असावं लागतं. तिथे साध्या इंजिनाचं ‘जी’ दिसलं की बॉनेटखाली काहीही बसवा, गाडी हेमी होत नाही. शेव्हरोलेवाल्यांची पंचाईत जास्त. त्यांच्या १९७० च्या शेव्हेल गाडीच्या नंबरावरून इंजिन व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं आहे एवढंच समजतं, ती दमदार एसएस होती की साधी मालिबू, हे समजत नाही. मग गाडीत काय काय बसवलं ते लिहिलेला, कारखान्याचा बिल्डशीट नावाचा कागद हुडकत बसायचं. इंजिनावर नंबर नव्याने ठोकणारे महाभागही आहेत. त्यांना पकडतात ते असं: कारखान्यातल्या यंत्राने ब्लॉकच्या त्या जागेवर बारीक समांतर रेघा राहिलेल्या असतात. जुना नंबर घासून काढला की रेघाही जातात, आणि नुसता नंबर नवीन येतो. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "घासलेलं लपत नाही. हात फिरवला तरी कळतं."

लाल गाडीचा चासी नंबर मात्र स्वच्छ होता. कागद ठेवून वर पेन्सिल घासली, छाप आरसीशी जुळली. चोरीची नव्हती, एवढं समाधान. मग मी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं. दारांच्या खालच्या वीतभर भागाला ते चिकटेचना, गळून पडायचं. खाली पत्रा कमी, पुट्टी जास्त. डिकीतलं मॅट उचललं तर कोपऱ्यात मूळ रंग राहिला होता, फिका पिस्ता. मला तर तोच जास्त आवडला. ‘विंटेज’चंही तसंच. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे गाडी पन्नास वर्षांची हवी आणि मूळ रूपात हवी. पहिली कॉन्टेसासुद्धा २०३४ च्या आधी त्यात बसत नाही.

गॅरेजवाल्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. "इसुझू डालने से गाडी बिगड़ी क्या? सुधरी ना?" सुधरली होती, खरंच. चालवून बघितली, दुसऱ्या गिअरमध्ये छान ओढत होती. मी रोज फिरवायला गाडी घेत असतो तर ‘मूळ’ वगैरे सोडून दिलं असतं. पण बदललेलं इंजिन आरटीओत मंजूर करून आरसीवर चढवावं लागतं, ते कुणी केलं नव्हतं. उद्या नावावर करताना किंवा विम्याचा क्लेम करताना तो १४८९ आडवा येणार, आणि तेव्हा कागदावर मालक मी असणार. चांगली बदललेली, कागद अर्धवट असलेली गाडी म्हणून मी तीन लाख बोललो असतो. तो क्लासिकचे पैसे मागत होता. "चहा तरी पिऊन जा," म्हणाला. प्यालो.

दुसरी गाडी देवासला मिळाली. जी माझी झाली ती हीच, पण तिच्याबद्दल सांगण्यासारखं कमी आहे, कारण तिने काही लपवलं नव्हतं. उन्हाने विटलेली राखाडी, शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी. मालकीणबाईंचे यजमान गेल्यापासून कुणी चालू केली नव्हती. त्यांनी आतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणला. त्यात खरेदीची पावती, टॅक्सच्या पावत्या, बॅटरीचं वॉरंटी कार्ड, आणि यजमानांच्या हातची एक डायरी: कधी तेल बदललं, कुठे पंक्चर झालं, शिर्डीला जाताना किती पेट्रोल लागलं. इंजिन नंबर, चासी नंबर, आरसी, पावती, चारही ठिकाणी तेच. काकांनी डायरी अर्धा तास वाचली, गाडी दहा मिनिटं बघितली.

गाडीत दोष होतेच. डाव्या सीटखालचा पत्रा इतका गंजलेला की खालचं गवत दिसत होतं. रबराच्या बीडिंग विरलेल्या. मागचा एक दिवा फुटलेला, आणि इंजिनाचं सामान एक वेळ जुळवता येतं, पण दिवे, क्रोमच्या पट्ट्या, काचा मिळवताना जीव जातो. नोंदणीची मुदत संपून गेलेली, म्हणजे फिटनेस, दंड, आरटीओच्या चकरा आल्याच. हे सगळं मी बाईंना एकेक करून सांगितलं, भाव पाडायला. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "गवत आम्हालाही दिसतं हो." मग माझ्याने फार ताणवलं नाही. दोन लाख ऐंशीला ठरलं.

गाडी आता वेल्डरकडे आहे. वेल्डर म्हणतो सगळीच रंगवून टाकू, काका म्हणतात हात लावून बघ. दोघांचं भांडण माझ्या खर्चाने चाललंय.

परवा छप्पन दुकानवर लाल कॉन्टेसा दिसली. घेतली कुणीतरी. भोवती पोरं फोटो काढत होती, आणि संध्याकाळच्या दिव्यांत ते काळे पट्टे असे काही दिसत होते की मी हातातली शिकंजी संपेपर्यंत तिथेच उभा राहिलो. काकांना सांगितलेलं नाही.