तेरा कार्डांवर बॉब

शनिवार, रात्री साडेअकरा

अखेर ५४० नंबर मिळाला. आत्ता जेवणाच्या टेबलावर दिव्याखाली ठेवलाय. घरात सगळी झोपलीत, बाहेर बर्फ पडतंय, आणि मी मघापासून हे कार्ड उलटंपालटं करून बघतोय.

टॉप्स कंपनीचं १९६३ सालचं बेसबॉल कार्ड, म्हणजे खेळाडूचा फोटो छापलेलं, जमवायचं कार्ड. अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच, जाडसर पुठ्ठ्याचं. वर क्लेमेंते या बेसबॉलपटूचा मोठा रंगीत फोटो, खालच्या कोपऱ्यात एका गोलात छोटा कृष्णधवल. चारही कोपरे मऊ झालेत, जुन्या पत्त्यांचे होतात तसे. डावीकडून एक घडी आत येते आणि खांद्याच्या अलीकडे थांबते. दिव्याकडे तिरकं धरलं तरच दिसते. कुणीतरी साठ वर्षांपूर्वी हे खिशात घालून फिरलं असणार. आणि खाली नाव छापलंय : बॉब क्लेमेंते.

त्याचं नाव बॉब नव्हतं. रोबेर्तो. प्वेर्तो रिकोतल्या कारोलिना गावात १९३४ साली जन्मलेला, १९५५ ते १९७२ अशी अठरा वर्षं पिट्सबर्ग पायरेट्स या संघाकडून खेळलेला, पाठीवर २१ नंबर. टॉप्सने १९५५ आणि ५६ च्या कार्डांवर रोबेर्तोच छापलं. मग १९५७ पासून १९६९ पर्यंत, ओळीने तेरा वर्षं, बॉब. १९७० मध्ये पुन्हा रोबेर्तो. तो स्वतःला रोबेर्तोच म्हणवायचा, तसं सांगायचाही. तरी इथली वर्तमानपत्रं त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी जसंच्या तसं उच्चारानुसार छापायची. त्या माणसाला किती लागलं असेल ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

माझं नाव ज्ञानेश्वर. १९९९ च्या ऑगस्टमध्ये एमएस करायला पिट्सबर्गला आलो तेव्हा पासपोर्टवर ते डी, एन, वाय असं सुरू होत होतं. पहिल्या आठवड्यात विभागातल्या कारकून बाईंनी दोनदा प्रयत्न केला आणि हसून म्हणाल्या, ‘डॅन चालेल ना?’ मी चालेल म्हणालो. बाई चांगल्या होत्या, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण त्यानंतर नोकरीत, बँकेत, शेजारी, दवाखान्यात मी डॅनच झालो. साताऱ्याहून आईचा फोन आला की ‘ज्ञाना’ ऐकून काही क्षण छातीत बरं वाटायचं.

विद्यापीठाच्या आवारात वेलींनी झाकलेली एक जुनी विटांची भिंत आहे. दोन वर्षं मी तिच्या बाजूने रोज चालत गेलो. ती फोर्ब्स फील्ड या जुन्या बेसबॉल मैदानाची उरलेली भिंत आहे हे फार उशिरा कळलं. तिथे क्लेमेंते खेळायचा. जवळच पोझवर हॉलच्या फरशीत काचेखाली तिथली होम प्लेट, म्हणजे फलंदाज जिच्यापाशी उभा राहतो ती पाटी, ठेवलेली आहे. मी तिच्यावर बूट ठेवून लिफ्टकडे गेलोय कितीतरी वेळा.

कार्डांची सुरुवात नंतर झाली. कुणाच्या तरी गराज सेलमधून एक खोकं आणलं, ८०० च्या आसपास कार्डं, सगळी १९८८ ते ९१ ची. लहानपणी मी काडेपेटीचे छाप जमवायचो. पानटपरीच्या मागे, एसटी स्टँडवर वाकून वाकून वेचायचे, पेटी ओली करून वरचा कागद अलगद सोडवायचा, वहीत दाबून वाळवायचा आणि गड्ड्यांना रबर लावायचं. दोन जहाज छाप दिले तर एक अवघड छाप मिळायचा. ते खोकं उघडलं तेव्हा बोटांना तेच सगळं आठवलं. दुसऱ्या दिवशी ते घेऊन कार्डांच्या दुकानात गेलो. दुकानातले आजोबा हळूच म्हणाले, याला जंक वॅक्स म्हणतात. त्या काळात कंपन्यांनी कार्डं इतकी बेसुमार छापली की त्यांना आज मोल नाही. माझा चेहरा पडलेला बघून त्यांनी कपाटातून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. १९७३, नंबर ५०. म्हणाले, मागची बाजू वाच.

मागे वर्षावार आकडे होते. हिट्सच्या, म्हणजे बॉल मारून बेस गाठलेल्या फटक्यांच्या, रकान्याच्या तळाशी ३०००. बरोब्बर तीन हजार. मला वाटलं छपाईत गोल आकडा केलाय. मग त्यांनी सांगितलं. तीन हजारावी हिट ३० सप्टेंबर १९७२ ला, इथेच, थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये. डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला, मानाग्वा शहर कोसळलं. मदतीचं सामान नीट पोचत नाही असं कळल्यावर ३१ डिसेंबरला क्लेमेंते स्वतः मदत नेणाऱ्या विमानात बसला. विमान प्वेर्तो रिकोच्या किनाऱ्यापासून जवळच समुद्रात पडलं. त्याचा देह सापडला नाही. ३८ वर्षांचा होता. कार्ड पुढच्या हंगामात आलं. ते मी बारा डॉलरला घेतलं आणि बसमध्ये घरापर्यंत हातातच धरून बसलो.

तेव्हा ठरवलं की याची सगळी घ्यायची. टॉप्सची दर वर्षाची मुख्य कार्डं, १९५५ ते ७३, एकोणीस.

यातला आनंद कुणाला सांगावा तर कसा सांगावा! १९७१ चं कार्ड काळ्या काठांचं आहे. काळी शाई कडेला जरा जरी उडाली तरी खालचा पांढरा पुठ्ठा दिसतो, त्यामुळे ते धड अवस्थेत मिळणं महाकठीण. माझ्याकडचं कडांवर बरंच पांढरं झालंय. तरीही वहीचं ते पान उघडलं की नजर आधी तिथेच जाते. १९५६ चं कार्ड आडवं आणि मापाने मोठं, नेहमीच्या नऊ कप्प्यांच्या पानात मावत नाही, त्याला वेगळी पानं आणावी लागली. कुठल्या कार्डाला जुन्या कपाटासारखा वास येतो, कुठल्याच्या पाठीवर च्युइंगमचा मेणचट डाग आहे. त्या काळी पाकिटात गमची पट्टी असायची. ते डाग मला पुसायचे नाहीत.

५४० नंबर इतकी वर्षं का अडला, तर टॉप्स तेव्हा वर्षाची सगळी कार्डं एकदम आणत नसे. मालिका टप्प्याटप्प्याने यायच्या. शेवटची मालिका येईस्तोवर उन्हाळा सरलेला असायचा, शाळा सुरू झालेल्या असायच्या, पोरांचं मन फुटबॉलकडे लागलेलं असायचं. दुकानदार नवी खोकी मागवतच नसत. म्हणून मोठ्या नंबरांची कार्डं मुळातच कमी खपली आणि कमी उरली. १९६३ च्या संचात ५७६ कार्डं, त्यात हा ५४०.

खरं तर तो मला दोन वर्षांपूर्वी मिळाला होता. ऑनलाइन घेतला, २६० डॉलर मोजले. कोपरे सुईसारखे टोकदार. आयुष्यात पहिल्यांदाच एक कार्ड ग्रेडिंगला, म्हणजे अस्सलपणा आणि अवस्था तपासून दर्जा ठरवून घ्यायला, पाठवलं. तीन महिन्यांनी ते ग्रेड न मिळता परत आलं : ट्रिम केलेलं आहे. म्हणजे झिजलेले कोपरे जावेत म्हणून कुणीतरी कडा कापल्या होत्या. त्याच सालाच्या एका साध्या कार्डाला लावून बघितलं. केसभर कमी होतं, एका बाजूने. विकणाऱ्याने उत्तर दिलं नाही, पैसे गेले. पैशांचं दुःख महिनाभरात ओसरलं. पण कुणीतरी क्लेमेंतेच्या कार्डावर पट्टी ठेवून पातं चालवलं, हे आजही आठवलं की अंगावर काटा येतो. ते कार्ड मी पाकिटात घालून वर मोठ्या अक्षरांत ‘कापलेलं’ लिहून ठेवलंय, म्हणजे माझ्यामागे ते कुणाच्या हाती लागलं तरी त्याची फसवणूक होणार नाही.

छंदात पैसा शिरला की हे असं होतं. कोविडच्या काळात तर कहर झाला. २०२१ च्या मे महिन्यात टार्गेट या दुकानसाखळीने दुकानांतली कार्डविक्री काही काळ थांबवली, कारण विस्कॉन्सिनमधल्या एका पार्किंगमध्ये कार्डांवरून मारामारी झाली होती. पुढच्या वर्षी मिकी मँटल या बेसबॉलपटूचं १९५२ चं एक कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. त्याच सालच्या न खपलेल्या कार्डांची खोकी टॉप्सच्याच साय बर्जर यांनी १९६० मध्ये बोटीत भरून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे अटलांटिकमध्ये बुडवली होती. गोदामात जागा हवी म्हणून! मँटल मला आवडतो. पण आता कार्डांच्या शोमध्ये, म्हणजे खरेदी-विक्रीच्या प्रदर्शनात, दहा वर्षांची पोरं कार्ड हातात घेतात आणि बघायच्या आधी मोबाइलवर भाव शोधतात, तेव्हा पोटात तुटतं. कार्डाची मागची बाजू कुणी वाचत नाही. आणि प्लास्टिकच्या जाड डबीत सील केलेलं कार्ड बोटांना लागतच नाही.

आजचा शो गावाबाहेरच्या फायर हॉलमध्ये, म्हणजे अग्निशामक दलाच्या सभागृहात, होता. तीसेक टेबलं, स्टीलच्या खुर्च्या, कोपऱ्यात कॉफी. दोन तास हिंडलो, काही नाही. निघता निघता दाराजवळच्या टेबलावर, साध्या टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकच्या पाकिटात, हा. टेबलामागचे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे. घडी त्यांनीच आधी दाखवली, मी विचारायच्याही आधी. तिथेच मला माणूस कळला. १४० सांगितले, १२० ला दिलं. मग म्हणाले, लहानपणी वडिलांबरोबर फोर्ब्स फील्डला जायचो, राइट फील्डच्या बाजूला बसायचो. क्लेमेंतेने भिंतीपाशी बॉल उचलला आणि तिथून थेट तिसऱ्या बेसवर फेकला, मधे टप्पा नाही. बोलता बोलता त्यांनी बसल्या जागी उजवा हात मागे नेला आणि सोडला. खांदा दुखत असावा, हात अर्ध्यातच थांबला. ‘आम्ही पोरं त्याला बॉबी म्हणायचो,’ ते म्हणाले. ‘तेव्हा कळत नव्हतं.’

मग त्यांनी माझं नाव विचारलं. मी ज्ञानेश्वर म्हणालो. त्यांनी पावतीच्या मागे ते लिहून घेतलं, स्पेलिंग विचारून, एकेक अक्षर.

रविवार, दुपार

सकाळी लेकीने कार्ड बघितलं. ‘बाबा, याला घडी आहे,’ म्हणाली. म्हटलं, आहे. ‘मग तू ग्रेडिंगला नाही पाठवणार?’ नाही म्हटलं. तिने ते टॉपलोडरमधून बाहेर काढून बघायला मागितलं. हात धुऊन ये म्हणालो. कडांना धरून बघत बसली बराच वेळ, आणि मग आपणहून पाठ वाचायला लागली.

तिला कूपर्सटाऊनच्या हॉल ऑफ फेमची, बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या पाट्या लावतात त्या संग्रहालयाची, गोष्ट सांगितली. १९७३ मध्ये तिथे त्याची पाटी लागली ती ‘रोबेर्तो वॉकर क्लेमेंते’ अशी. स्पॅनिश रीतीने वडिलांचं आडनाव आधी आणि आईचं शेवटी येतं, वॉकर हे आईचं. २००० साली पाटी नव्याने ओतली आणि नाव नीट केलं. ‘सत्तावीस वर्षं?’ ती म्हणाली. हो, सत्तावीस.

माझ्याकडे या कार्डांची एक वही आहे, साताऱ्याहून आणलेली, लाल पुठ्ठ्याची. साल, नंबर, कुठून घेतलं, किती दिले, काय खोट आहे, सगळं मराठीत. इंग्रजीत टी लिहिला की इथे सगळे त्याचा ट करतात. स्पॅनिशमधला तो उच्चार आपल्या त च्या जवळचा आहे, देवनागरीत सरळ लिहिता येतो. तेव्हा कार्डावर काहीही छापलेलं असो, वहीत तेराच्या तेरा ओळींत मी रोबेर्तो क्लेमेंते असंच लिहिलंय. आज १९६३ ची ओळ भरली : ५४०, फायर हॉल, १२० डॉलर, डावीकडे घडी, कोपरे मऊ.

१९५५ ची ओळ रिकामी आहे. १६४ नंबर, त्याचं पहिलं कार्ड, आडवं. किंमत हजारांत, तीही बऱ्या अवस्थेतलं हवं म्हटलं तर. घरचे हप्ते आहेत, लेकीचं कॉलेज येतंय. त्या गृहस्थांचा नंबर घेऊन ठेवलाय. त्यांच्याकडे एक आहे म्हणाले, भोक पडलेलं, कुणीतरी टाचणीने भिंतीला लावलेलं. एप्रिलच्या शोला घेऊन येणार आहेत.