मायनस 48 व्होल्ट समजून घेताना

आयटीआय झाल्यावर मी बरीच वर्षं निफाडकडे इन्व्हर्टर आणि ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांची कामं केली. ट्रॅक्टर असो की टेम्पो, बॅटरीचा मायनस बॉडीला आणि प्लसमध्ये फ्यूज, हे हाताला इतकं पक्कं बसलेलं असतं की त्याबद्दल वेगळा विचार कोणी करत नाही. मग मोबाइल टॉवरच्या देखभालीचं काम मिळालं आणि इगतपुरीजवळच्या एका साइटवर पहिल्यांदाच पॉवर प्लांटचं, म्हणजे टॉवरच्या यंत्रांना डीसी वीज देणाऱ्या यंत्रणेचं, कपाट उघडून पाहिलं. 2 व्होल्टचे 24 सेल एका ओळीत जोडलेले, आणि त्या बँकेचा, म्हणजे सेलच्या संचाचा, प्लस चक्क अर्थच्या पट्टीला बोल्टने आवळलेला. मायनसची निळी केबल मात्र एमसीबीमधून (जास्त करंटला आपोआप तुटणारा स्विच) बीटीएसकडे, म्हणजे टॉवरच्या रेडिओ यंत्राकडे, गेलेली. मीटरचा काळा प्रोब अर्थच्या पट्टीवर ठेवला, लाल प्रोब निळ्या केबलच्या बसबारवर, म्हणजे ती केबल जिथे जोडतात त्या धातूच्या पट्टीवर. आकडा आला −53.9; बँक चार्जिंगवर असल्याने 48 पेक्षा थोडा जास्त.

व्होल्टेज मायनस म्हणजे नक्की काय? शून्यापेक्षा कमी वीज कशी असेल? ही शंका आयटीआयपासून मनात होती, पण परीक्षेत तिच्यामुळे अडलं नव्हतं. इथे अडलं, कारण रोज याच आकड्यावर काम करायचं होतं. सुपरवायझर सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "आधी सांग, काळा प्रोब कुठे आहे?"

"अर्थवर."

"मग मीटर एवढंच सांगतोय की लाल प्रोबची जागा काळ्याच्या जागेपेक्षा 53.9 व्होल्टने खाली आहे. प्रोब बदल, तोच आकडा प्लसमध्ये येईल. बॅटरीला त्यातलं काहीच कळत नाही."

त्यांचं म्हणणं कानावर पडलं, पण पटायला हाताने करून बघावं लागलं. घरी 9 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या घेतल्या. एकीचा मायनस दुसरीच्या प्लसला जोडला, म्हणजे वरचं टोक, मधला सांधा आणि खालचं टोक असे तीन बिंदू झाले. काळा प्रोब खालच्या टोकावर ठेवला की सांधा +9 आणि वरचं टोक +18. काळा प्रोब सांध्यावर नेला की वरचं +9, खालचं −9. काळा प्रोब सगळ्यात वर नेला की दोन्ही बिंदू मायनसमध्ये, −9 आणि −18. बॅटऱ्या त्याच, वायर तीच, फक्त शून्य कुठे धरायचं ते मी ठरवत होतो. एकट्या बिंदूला व्होल्टेज नसतंच, ते कायम दोन बिंदूंमधलं अंतर असतं, हे त्या रात्री डोक्यात नीट बसलं.

रेल्वे स्टेशनच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तसंच हे आहे. समुद्राऐवजी इगतपुरीचा फलाट शून्य धरला, तर घाटाखालचं कसारा मायनसमध्ये जाईल. त्याने कसारा जमिनीखाली जात नाही आणि घाटाचा चढही बदलत नाही.

पुढची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्याच दोन बॅटऱ्यांचा मधला सांधा मी एका वायरने घराच्या अर्थिंगच्या पट्टीला जोडला. काहीच झालं नाही. ठिणगी नाही, बॅटरी उतरली नाही. करंटला परत यायला वाटच नव्हती, मग तो वाहणार कुठून? एक बिंदू अर्थ केला की तो बिंदू जमिनीशी समान होतो, बाकी सर्किट होतं तसंच राहतं. दुसरा बिंदूही अर्थ केला असता, तर मात्र मधली बॅटरी शॉर्ट झाली असती. टॉवरवर बँकेचा प्लस अर्थ करून चालतो तो याचमुळे: अर्थ केलेली बाजू एकच आहे.

मग प्लसच का? याचं उत्तर जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे. तांब्याच्या केबल ओल्या मातीतून जात. तांबं मातीच्या तुलनेत प्लस असेल आणि कुठे गळती असेल, तर तांब्याचे आयन मातीत सुटत जातात आणि तार झिजून तुटते. तांबं मायनसला ठेवलं की ही झीज तारेला लागत नाही, ती अर्थच्या बाजूला जाते, आणि अर्थचा इलेक्ट्रोड जाडजूड असतो, बदलताही येतो. आज टॉवरकडे फायबर येतो, तरी बहुतेक यंत्रं −48 वरच बनत आली आहेत. इगतपुरीचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला ओल्या मातीचं हे कारण लगेच पटेल. मला तर हा विचार फार आवडतो, चिन्ह कागदावरचं असलं तरी ते कुठे ठेवायचं यावर तार टिकणार की नाही हे ठरतं.

शून्य कुठे आहे हे कळलं की बाकीच्या जोडण्या आपोआप समजायला लागतात. एमसीबी निळ्या केबलमध्ये, म्हणजे मायनसमध्ये का? कारण तोडायची ती अर्थ नसलेली वायर. ट्रॅक्टरमध्ये प्लसला फ्यूज असतो तोही याच नियमाने. पान्याचंही तसंच. प्लस बसबार आणि कपाटाचा पत्रा यांना पाना एकदम लागला तर काही होत नाही, दोन्ही एकाच पातळीवर आहेत. मायनस बसबार आणि पत्रा यांच्यामध्ये तोच पाना पडला, तर वेल्डिंगसारखा जाळ होतो. म्हणून मायनसच्या बाजूला काम करताना मी पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळतो आणि अंगठी, घड्याळ काढून ठेवतो.

एका गोष्टीची सवय व्हायला वेळ लागला. लाइट गेली की बँक −54 वरून −44 कडे सरकते. गणिताने −44 मोठा, पण साइटवर आम्ही व्होल्टेज घसरला असंच म्हणतो, आणि कंट्रोलरच्या पडद्यावरही चिन्हाशिवाय 54, 50, 46 असंच दिसतं. तिथे अंतर मोजतात, दिशा गृहीत असते. फोनवर कोणी "वाढला" म्हणालं, तर आधी आकडा विचारून घ्यायचा.

मात्र एक मायनस असा आहे की जो प्रोबच्या जागेवर ढकलता येत नाही. डिस्चार्ज टेस्टला, म्हणजे बँक वापरून ती किती टिकते हे बघताना, लोड लावून एकेक सेल मोजतो, तेव्हा लाल प्रोब त्या सेलच्या प्लसवर आणि काळा त्याच सेलच्या मायनसवर असतो. चांगले सेल 1.9 च्या आसपास दाखवतात. त्या रांगेत एखादा सेल मायनसमध्ये गेलेला सापडला, तर तो आधीच रिकामा झालाय आणि बाकीचे 23 सेल त्याच्यातून उलटा चार्ज ढकलतायत. अशा वेळी टेस्ट तिथेच थांबवायची, सेलवर खडूने खूण करायची आणि तो बदलायला सांगायचा.