मोटरमनसाठी

रविवार, रात्री साडेदहा

मी हसले. एवढंच खटकतंय. सगळे हसले म्हणून मीही हसले.

सकाळी सायन-माटुंग्याच्या मध्ये गाडी वीस मिनिटं उभी. धाकटीचं आपलं 'का थांबली, का थांबली' सुरू. मी म्हटलं, मोटरमन दमला असेल. वेळ मारून नेली झालं. भायखळ्याला उतरून चर्चमध्ये पोचलो तर पहिलं गीत संपत आलेलं. शेवटच्या बाकावर अंग चोरून बसलो. एरवी दुसऱ्या गीतानंतर पोरं मागच्या हॉलमध्ये संडे स्कूलला जातात. आज टीचर आल्या नाहीत, म्हणून सगळी आमच्यातच. प्रार्थनेआधी पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, आणखी कोणासाठी प्रार्थना करायची आहे? कुणी गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं, कुणी व्हिसा. आणि ही बया बाकावर उभी राहून, "मोटरमनसाठी! तो दमलाय."

अख्खी मंडळी हसली. पाळकसाहेबही हसले, मान डोलावली, डोळे मिटले. गुडघा आला, व्हिसा आला. आमेन झाल्यावर हिने माझ्या कानात विचारलं, "त्याचं कधी?"

मी ओठांवर बोट ठेवलं.

वाईट कुणीच वागलं नाही, तेच तर. नंतर चहाच्या वेळी दोघीतिघींनी तिचे गाल ओढले, 'किती गोड गं.' गोड म्हणून काही ती बोलली नव्हती. ती मागत होती. बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात लेकरं आणणाऱ्यांना शिष्य दटावतात आणि येशू रागावतो. तिथे कुणी हसल्याचं लिहिलेलं नाही. दटावलं तर पोर रडतं तरी. हसल्यावर करणार काय? ही पुढचा तासभर माझ्या ओढणीत तोंड खुपसून बसली होती.

बरं, माझं तरी काय चुकलं? सहाला उठायचं, फ्रॉकला इस्त्री, डबा, दोन गाड्या. पाच वर्षांत एक उपदेश अख्खा ऐकलेला नाही. शेवटच्या बाकावरच्या आयांच्या वाट्याला शास्त्रपाठ आणि थेट आशीर्वाद, मधलं सगळं बिस्कीट, बाटली आणि शू. हे असते बरोबर तर… जाऊ दे. पुढच्या बाकावरून मान वळते ना, ती मान मला आता पाठमोरी ओळखता येते. बायबलमधल्या प्रेषित पौलाचं बोलणं लांबलं आणि ऐकत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, त्याचीसुद्धा कुणी इतकी खोड काढली नसेल.

पण तरी. मी का हसले? मोटरमन दमलाय ही थाप तर माझीच होती. तिने ती खरी मानून थेट देवापर्यंत नेली, आणि मी त्या वळलेल्या मानांच्या बाजूने.

गंमत म्हणजे, संडे स्कूलच्या वाढदिवसाला भाषण मीच ठोकलं होतं. रॉबर्ट रेक्सने १७८० मध्ये इंग्लंडात ग्लॉस्टरला रविवारची शाळा काढली ती आठवडाभर राबणाऱ्या गरीब पोरांना वाचता यावं म्हणून, मोठ्यांना उपासनेत शांतता मिळावी म्हणून नव्हे. टाळ्याही घेतल्या होत्या! आणि गेल्याच रविवारी पोरं हॉलमध्ये गेल्यावर, 'सुटले बाई' असं म्हणून पाय लांब केले होते, तेही मीच.

येताना मेगाब्लॉक. घरी यायला अडीच वाजले. मला वाटलं गाडीत ती विषय काढेल. तिला वडापाव हवा होता.

झोपवताना मीच म्हटलं, चल, मोटरमनसाठी करूया आपण.

"आता तो घरी गेला असेल ना," म्हणाली आणि कूस बदलली.

मग मी एकटीनेच करायला घेतली. त्याचं नाव माहीत नाही. काय मागावं तेही सुचेना. मध्येच आठवलं, उद्याच्या युनिफॉर्मला इस्त्री राहिलीये.