सॉमिलचं नियोजन, सॉल्व्हर आणि एका यादीसाठी घातलेले हेलपाटे

सॉमिलचं उत्पादन नियोजन गणितावर आणायचं असेल तर सॉल्व्हरची, म्हणजे अटी सांभाळून सगळ्यात फायद्याचं उत्तर शोधणाऱ्या प्रोग्रामची, भीती बाळगू नका. तो चटकन जमतो. वेळ खाल्ला तो पुरवठादाराच्या एका कागदाने, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

अंबडजवळ मामांची सॉमिल आहे. परदेशी पाइनचे ओंडके येतात आणि त्यातून पॅलेट, पॅकिंग केसचा माल निघतो. कुठल्या जाडीचा ओंडका कशासाठी कापायचा हे मामा आणि मिस्त्री सकाळी ट्रॉलीजवळ उभं राहून ठरवायचे. दोघांचा हात अनुभवी आहे. पण एक ओंडका आत गेला की वरच्या पट्ट्या, खालचे ठोकळे, सालीकडच्या फळ्या आणि भुसा असं सगळं एकदम बाहेर पडतं. पट्ट्यांची ऑर्डर पुरी करायला कापत गेलात की ठोकळ्यांचा ढीग आपोआप वाढतो. दोन-चार ऑर्डरींपर्यंत हे डोक्यात मावतं. द्राक्षांच्या निर्यातीच्या हंगामात, जानेवारी ते एप्रिल, ऑर्डरी वाढल्या की मावत नाही.

मॉडेल साधं आहे. कुठल्या घेराचे किती ओंडके कुठल्या पद्धतीने कापायचे, हे चल, म्हणजे सॉल्व्हरने शोधायचे आकडे. हाताशी असलेले ओंडके, आऱ्याचे तास आणि ऑर्डरी, या अटी. मालाच्या किमतीतून लाकूड आणि कापणीचा खर्च वजा करून राहील ते जास्तीत जास्त करायचं. हे गणित मुळातच लाकडाच्या धंद्यातलं आहे. १९३९ साली लेनिनग्राडमध्ये गणितज्ञ कांतोरोविच यांनी ते मांडलं, ते प्लायवूडच्या कारखान्याने विचारलेल्या प्रश्नावरून: कुठलं लाकूड कुठल्या मशीनवर सोलायचं? ते सोडवायची सिम्प्लेक्स नावाची पद्धत अमेरिकेतले गणितज्ञ डँट्झिग यांनी १९४७ मध्ये काढली.

आता तो कागद. मॉडेलला उतारा लागतो, म्हणजे अमुक घेराच्या ओंडक्यातून अमुक पद्धतीने कापल्यावर कुठल्या साइजचा किती माल निघतो. त्यासाठी प्रत्येक ओंडक्याची लांबी आणि घेर हवा. आमच्या पुरवठादाराच्या बिलाला जोडलेल्या कागदावर काय होतं? गाडी नंबर, एकूण नग, एकूण घनफूट, सरासरी घेर. बस. ओंडक्यागणिक यादी मागितली की ‘पाठवतो’. पुन्हा फोन केला की ‘मोजणारा माणूस गावी गेलाय’. मी समक्ष गेले तर पुरवठादार म्हणाले, ‘ताई, सरासरी दिलीय ना, आजवर कुणी यादी मागितली नाही.’ सरासरी घेऊन मी करू काय? बारीक आणि जाड ओंडके निम्मे निम्मे असलेली गाडी आणि सगळे मध्यम ओंडके असलेली गाडी, दोन्हींची सरासरी एकच येते. पण पहिलीतून रुंद फळ्या निघतात, दुसरीतून निघत नाहीत.

खूप तगादा लावल्यावर यादी आली, ती भलत्याच मापात. न्यूझीलंडचा पाइन जहाजावर जपानी पद्धतीने मोजला जातो. सहा मीटरपेक्षा कमी लांबीच्या ओंडक्याच्या बारीक टोकाचा व्यास सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करून मीटरमधल्या लांबीने गुणायचं आणि १०,००० ने भागायचं, की घनमीटर मिळतात. बिल मात्र चौथाई घेराच्या हिशेबाने, घनफुटात. ही चौथाई पद्धत मधल्या घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करते आणि गोल लाकडाचं खरं घनफळ सुमारे ७८.५ टक्केच धरते. १२ फूट लांब, ३६ इंच घेराचा ओंडका तिच्या हिशेबाने ६.७५ घनफूट होतो, प्रत्यक्षात तो जवळपास ८.६ घनफूट असतो. त्यातून ४.५ घनफूट माल निघाला तर एका मापाने उतारा ६७ टक्के, दुसऱ्याने ५२. मामांच्या वहीतला उतारा पहिल्या मापाचा, मी पुस्तकातून घेतलेला दुसऱ्याचा आणि यादी तिसऱ्याच मापाची! व्यासावरून मधला घेर काढावा म्हटलं तर दुसऱ्या टोकाचं माप यादीत नाही. पुन्हा फोन, पुन्हा ‘पाठवतो’.

शेवटी मिस्त्री म्हणाले, ‘ताई, त्यांची वाट कशाला बघता? टेप आपल्याकडे आहे.’ गाडी उतरतानाच प्रत्येक ओंडक्याचा मधला घेर आणि लांबी आम्ही घ्यायला लागलो. घेराचे गट पाडून टोकाला गटाचा रंग मारला. मग प्रत्येक गटातले काही ओंडके प्रत्येक पद्धतीने कापून फळ्या साइजनुसार मोजल्या. आऱ्याच्या खाचेत जाणारं लाकूड आणि वाळताना होणारी घट वेगळी धरायची गरज उरली नाही, कारण माल वाळल्यावरच मोजला. हा तक्ता तयार झाला त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो पुढे उत्तर मिळाल्यावरही झाला नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: एक्सेलमधला सॉल्व्हर २०० चलांपर्यंतच चालतो. सहा गट, दहा पद्धती आणि चार आठवडे धरले की २४० झाले. मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या पल्प नावाच्या फुकटच्या साधनावर गेले.

उत्तराने मामांचा बेत बदलला. ते दुसरा बँडसॉ, म्हणजे पट्टीचा आरा, घ्यायच्या विचारात होते. पण निर्यातीच्या लाकडी पॅलेटना आयएसपीएम १५ या कीड रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे भट्टीत तापवताना गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस तापमान सलग ३० मिनिटं द्यावं लागतं, आणि हंगामात आमची अडचण त्या भट्टीची निघाली. भट्टीचे तास मी अट म्हणून घातले तेव्हा आऱ्याच्या वाढीव तासाची किंमत, म्हणजे एक तास जास्त मिळाला तर वाढणारा नफा, शून्य आली, भट्टीच्या तासाची भरपूर. मामांनी आकडे दोनदा तपासले आणि म्हणाले, ‘पोरी, बँडसॉ राहू दे.’ ही किंमत बघायची असेल तर ओंडके पूर्णांकात हवेत ही अट काढून टाका, नाहीतर ती मिळत नाही. आठवड्याच्या हिशेबात अर्धा ओंडका इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही.

आणखी एक. ‘ऑर्डर पुरी झालीच पाहिजे’ अशी कडक अट घालू नका. एक ऑर्डर जड झाली तरी सॉल्व्हर ‘उत्तर नाही’ म्हणून हात वर करतो. त्याऐवजी उशिराला दंड लावा, म्हणजे कुठल्या गिऱ्हाइकाला आधीच फोन करायचा ते कळतं. ठोकळे आणि भुसा यांनाही खरी विक्रीची किंमत द्या. भुसा आमच्याकडून पोल्ट्रीवाले नेतात, त्यामुळे तो शून्य धरला तर उत्तर चुकतं.

आणि नवा पुरवठादार बघत असाल तर दर ठरवण्याआधी ओंडक्यागणिक यादी मागा, माप कुठल्या पद्धतीचं ते त्यावर लिहून घ्या, आणि यादी हातात येईपर्यंत गाडीचे पूर्ण पैसे सोडू नका. आम्ही आता तसंच करतो. त्या जुन्या पुरवठादाराची यादी आता गाडीसोबतच येते.