तुम्ही विचारलेत म्हणून : भिंगरीचे गुडघे आणि ती बाटली

कोल्हापूरच्या गंगावेशीत सकाळी दूध आणायला गेलो की कोणी ना कोणी विचारतेच, “काका, तुमच्या मांजराला ते सांध्याचं पातळ औषध देताय न्हवं? लागू पडतंय का ओ?” विचारणाऱ्याच्या घरीही बहुधा दहा-बारा वर्षांचे मांजर असते, आणि मी एकतीस वर्षे औषधांचे दुकान चालवलेले असल्यामुळे माझ्यापाशी पक्के उत्तर असणार, असे लोक धरून चालतात. किटली हातात घेऊन उभ्या उभ्या ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगता येते, आणि माझ्या मते ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. म्हणून सविस्तर लिहितो.

भिंगरी आता चौदा वर्षांची आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शुक्रवार पेठेत शिरले, तेव्हा तिने फडताळावरून थेट माळ्यावर उडी घेतली होती आणि तिला खाली उतरवण्यासाठी आम्हाला शिडी लावावी लागली होती. हीच मांजर गेल्या पावसाळ्यात दिवाणापुढे येऊन थांबू लागली. वर पाहायची, मागच्या पायांची जुळवाजुळव करायची आणि शेवटी खालीच अंग टाकायची. ती लंगडत नव्हती, ओरडत नव्हती, जेवणही व्यवस्थित होते, त्यामुळे वय झाले म्हणून आम्ही सोडून दिले. चालताना फरशीवर नखांचा टकटक आवाज येऊ लागला होता, कमरेवरच्या केसांच्या गुठळ्या होऊ लागल्या होत्या, आणि दोन-तीनदा तिने मातीच्या ट्रेच्या बाहेरच कार्यक्रम उरकला होता. या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत माझ्या ध्यानात आले नाही. ज्या मांजरीला मान वळवून पाठ चाटता येत नाही, खांबावर नखे घासता येत नाहीत आणि ट्रेचा काठ ओलांडताना दुखते, ती लंगडली नाही तरी तिचे सांधे दुखत असतात. क्ष-किरण तपासणीत दोन्ही खुबे आणि एक कोपर झिजलेले दिसले. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांपैकी नव्वदांच्या क्ष-किरण चित्रांत सांध्यांची झीज आढळली होती, तेव्हा भिंगरीचे काही जगावेगळे नव्हते.

डॉक्टरांनी जी बाटली दिली तिच्यात ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन होते. हे दोन्ही पदार्थ सांध्यातल्या कूर्चेच्या, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीच्या, घडणीत मुळातच असतात, म्हणून ते पोटात घेतले की झिजलेली कूर्चा भरून येईल, असा साधा हिशेब त्यामागे आहे. हिशेब ऐकायला बरा वाटतो, पण पोटात गेलेली वस्तू सांध्यापर्यंत त्याच रूपात आणि पुरेशी पोहोचते, हे त्यात गृहीत धरलेले असते. मी स्वतः दुकानातून या गोळ्यांचे डबेच्या डबे विकले आहेत, तेव्हा हे लिहिताना मला थोडे अवघड वाटते. पण २००६ साली गुडघेदुखीच्या १५८३ माणसांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, सर्व रुग्ण मिळून पाहता, या दोन पदार्थांचा गुण खोट्या गोळीपेक्षा ठामपणे जास्त दिसला नव्हता. कुत्र्या-मांजरांवरच्या चाचण्या एकत्र तपासून माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ साली जो निष्कर्ष काढला, तो तर याहून रोखठोक आहे : माशांतल्या ओमेगा-३ स्निग्धाम्लांचा उपयोग दिसतो, ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनचा दिसत नाही. आमच्या डॉक्टरांनीही गुणाची हमी दिली नव्हती. रक्ततपासणीत भिंगरीचे क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारे माप, किंचित वाढलेले होते, त्यामुळे वेदनाशामक जपून वापरावे लागणार होते, आणि तोवर हे देऊन पाहू, असे ते म्हणाले. हे कारण मला पटले.

आता ती बाटली पाजण्याविषयी, कारण खरा त्रास तिथेच झाला. पहिल्या दिवशी मी ते थेंब दुधात घातले. कोल्हापुरात दुसरे काय सुचणार? पण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, आणि भिंगरीच्या पोटाने ते रात्रीच सिद्ध केले. दुसऱ्या दिवशी सगळे औषध तिच्या जेवणातल्या बांगडा माशावर ओतले; तिने वास घेतला, पुढच्या पंजाने फरशी खरवडून ताटली पुरल्यासारखे केले आणि ती निघून गेली. त्यानंतर दीड दिवस तिने कोणत्याच बांगड्याला तोंड लावले नाही. याला नखरे समजू नये. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, काही दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठून जीवावर बेतू शकते. त्यामुळे ‘भूक लागली की खाईल’ हा न्याय मांजराला लावता येत नाही. तिसऱ्या खेपेला मी तिला टॉवेलमध्ये गुंडाळले, मान वर केली आणि सुई काढलेल्या सिरिंजने औषध थेट घशाकडे सोडले. ती ठसकली, आणि माझ्या हातापायांतले बळ गेले. मान वर करून ओतलेले पातळ औषध श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, हे मला कळायला हवे होते. मुलांना बळजबरीने औषध पाजणाऱ्या किती आयांना मी दुकानात बोललो असेन.

योग्य रीत डॉक्टरांच्या मदतनीसाने दाखवली. मान सरळ ठेवायची, सिरिंजचे टोक सुळ्याच्या मागच्या फटीतून गालाच्या आत सरकवायचे, थोडेसेच सोडायचे, तिला गिळू द्यायचे आणि मग पुढचे सोडायचे. हे मला साधले, पण पाचव्या दिवसापासून कपाटाची बिजागरी कुरकुरली की भिंगरी बाजेखाली जाऊन बसू लागली. झोपताना माझ्या पायाशी येणे तिने बंद केले. ज्या वस्तूचा उपयोग होईलच याची खात्री नाही, तिच्यासाठी चौदा वर्षांचा विश्वास खर्ची घालणे मला परवडणारे नव्हते. जीव वाचवणारे औषध असेल तर मांजर रुसले तरी पाजावे. आहाराला नुसती जोड म्हणून दिलेल्या अशा पूरकासाठी जबरदस्ती करू नये. मला या प्रश्नावर ठामपणे एवढे एकच सांगता येते.

पुढे सुनेने तोडगा काढला. बांगडा मीठ-हळद न घालता पाण्यात उकडायचा आणि त्याचे चमचाभर कोमट पाणी बशीत घेऊन त्यात एकच थेंब टाकायचा. दर दोन-तीन दिवसांनी एकेक थेंब वाढवत तिने दोन आठवड्यांत पूर्ण मात्रा गाठली. हे पाणी जेवणापूर्वी, भूक लागलेली असताना आणि वेगळ्या बशीत द्यायचे, म्हणजे ते नाकारले तरी जेवणावर राग निघत नाही. बाटली फ्रिजमधली असेल तर थेंब आधी कोमट होऊ द्यावेत, कारण मांजर जिभेपेक्षा नाकाने जेवते. तिला गोड चव कळतच नाही, म्हणून माणसांसाठीचे फळांच्या चवीचे गोड सिरप तिच्या दृष्टीने निव्वळ चिकट पाणी असते. असल्या काही सिरपांत प्रोपिलीन ग्लायकॉल असते, जे मांजरांच्या तांबड्या रक्तपेशींना अपाय करते म्हणून अमेरिकेत १९९६ पासून मांजरांच्या खाद्यात घालायला मनाई आहे. शिवाय माणसाची ग्लुकोसामाइनची रोजची १५०० मिलिग्रॅमची मात्रा साडेचार किलोच्या जीवाच्या कोणत्याच हिशेबात बसत नाही.

शेजारपाजारच्यांचे सल्ले तर विचारू नका. तालमीतल्या एका वस्तादांनी गंधपुऱ्याचे तेल चोळायला सांगितले. पैलवानाच्या गुडघ्याला ते ठीक आहे, पण त्यातला सॅलिसिलेट मांजराच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतो, आणि मांजर अंगावरचे सगळे चाटून पोटात घेते. एका वहिनींनी प्रेमाने पायाचा रस्सा पाठवला, पण त्यात कांदा-लसूण होता, आणि हे दोन्ही मांजराच्या रक्ताला घातक आहेत. जवसाचे तेलही घरात आले. जवसातल्या ओमेगा-३ चे माशांतल्या प्रकारात रूपांतर करण्याची मांजराच्या शरीराची कुवत नगण्य असते, म्हणून ते आमच्याच चटणीत संपले. कॉड लिव्हर ऑइल हे माशाचे तेल असले तरी यकृताचे असते, आणि त्यातले अ जीवनसत्त्व साठत गेले तर मांजराच्या मानेची हाडे आखडतात, म्हणजे सांध्यांसाठी दिलेले सांध्यांवरच उलटते. पॅरासिटामोलची अर्धी गोळी देऊ का, असे विचारणारे मात्र दर महिन्याला भेटतात. देऊ नका. अर्धी नाही, पाव नाही. पॅरासिटामोलने मांजर मरते.

गोंधळाची आणखी एक जागा आहे. ‘सांध्याचे पातळ औषध’ म्हणताना काहींच्या मनात मेलॉक्सिकॅम असते. तेही मांजरांसाठी पातळच मिळते, पण ते पूरक नव्हे, ते खरे वेदनाशामक आहे. मांजरांसाठीच्या बाटलीत ते मिलिलिटरला ०.५ मिलिग्रॅम असते, तर कुत्र्यांसाठीच्या बाटलीत १.५, म्हणजे तिप्पट. शेजारच्या कुत्र्याची उरलेली बाटली उसनी आणणाऱ्याने हे आकडे आधी वाचावेत.

आता गुणाविषयी. दिवाणावर भिंगरी दिवसातून किती वेळा चढते, याची नोंद मी सहा आठवडे ठेवली, आणि माझ्या वहीप्रमाणे तिच्यात चांगलीच सुधारणा होती. सौभाग्यवतींच्या मते ही बाटली म्हणजे पैशांची नासाडी होती. त्यांनी वेगळी वही ठेवली आणि त्यांच्या वहीप्रमाणे काडीचाही फरक नव्हता. मांजर तेच होते आणि दिवाणही तोच होता. तेव्हा सुनेला सांगितले की तीन आठवडे थेंब घाल आणि तीन आठवडे नुसते बांगड्याचे पाणी दे, पण केव्हा काय देतेस ते आम्हाला सांगू नकोस. थेंबांचे आठवडे कोणते, असे अखेरीस तिने विचारले, तेव्हा दोघांचेही अंदाज चुकले. एका मांजरावरून शास्त्र ठरत नाही, पण माझ्या घरापुरता निकाल लागला आणि ग्लुकोसामाइन बंद झाले.

सध्या डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत माशाच्या अंगाचे तेल चालू आहे, कारण त्याच्या बाजूने पुरावा बरा आहे. दोन महिन्यांनंतर ती अंग जास्त चाटते असे मला वाटते. मात्र याची परीक्षा मी घेतलेली नाही, म्हणून ‘वाटते’ एवढेच म्हणतो. मात्रा जास्त झाली तर जुलाब होतात, हे मात्र अनुभवाने सांगतो. ज्या फरकासाठी वही लागली नाही, तो सुताराने केलेल्या दोन लाकडी पायऱ्यांमुळे पडला. त्या दिवाणाशी लावल्या त्याच संध्याकाळी ती वर जाऊन बसली. ट्रेचा एका बाजूचा काठ करवतीने उतरवला, आणि ट्रेबाहेरचा कार्यक्रमही थांबला.

उरलेली बाटली मागायला परवा एक जण आले होते. ती देता येणार नाही. उघडून तीन महिने झाले आहेत, आणि मुदत संपलेला माल मी दुकानातही कोणाला दिला नव्हता.