तुळस आणि ओझोन

परवा दुपारी खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंडीतले तुळशीचे पान चुरगाळून हुंगत होतो, तेवढ्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर काकांचा जुनाच संदेश पुन्हा येऊन थडकला: तुळस दिवसरात्र ओझोन सोडते, म्हणून ती दारात असावी. हा संदेश दर वर्षी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास येतो आणि काका वडीलधारे असल्यामुळे दर वर्षी मी गप्प बसतो.

खरे तर ओझोन, म्हणजे तीन अणूंचा ऑक्सिजन, कोणतेच झाड सोडत नाही. उलट तुळशीच्या वासात जे कॅरिओफिलिन नावाचे द्रव्य असते ते ओझोनच्या तावडीत सापडले, की शहरातल्या नेहमीच्या हवेत दोनचार मिनिटांतच संपते; संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनला निदान तास-दोन तास मिळतात. ओझोन या रेणूंच्या दुहेरी बंधावर घाव घालून त्यांचे तुकडे करतो. त्यांतला एक तुकडा इतका अल्पायुषी आणि उतावळा असतो, की त्याची कल्पना रसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ क्रीगे यांनी १९४९ साली मांडली तरी तो प्रत्यक्ष पकडायला पुढे जवळजवळ साठ वर्षे गेली. या मोडतोडीतून अंधारातही हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची एक अतिशय क्रियाशील जोडी, तयार होते आणि उरलेले जड तुकडे एकत्र येऊन सूक्ष्म कण बनतात. वनराईच्या डोंगरांवर दिसणारे निळसर धुके अशाच वासांचे असावे, असे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९६० मध्ये सुचवले होते. (बोरिवलीच्या डोंगरांवर आपल्याला जे दिसते, त्यात मात्र धूळ आणि धूरच अधिक.)

हे सगळे वाचताना मला गिरगावच्या चाळीतला आजीचा काढा आठवत राहिला. पावसाळ्यात कोणी एकदा खोकले, की स्टोव्हवर पातेले चढे आणि त्यात तुळस, ठेचलेले मिरे आणि चार लवंगा पडत. द्वादशीला मात्र तुळशीला हात लावायचा नाही, मग खोकला कितीही असो. त्या दिवशी नुसत्या मिरे-लवंगांवर भागवावे लागे. तरीही काढ्याला तोच उग्र वास कसा येई, याचे मला तेव्हा नवल वाटायचे. कॅरिओफिलिन या तिन्हींत असते, हे मला आत्ता या वयात कळले.

काकांवर अन्याय नको म्हणून एक गोष्ट मान्य करायला हवी: गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि टळटळीत ऊन असेल, तर झाडांच्या याच बाष्पांपासून ओझोन तयारही होतो, आणि मुंबईत या दोहोंची वानवा नाही. फक्त तो श्वासातून घ्यावा असा मुळीच नव्हे. रसायनशास्त्रज्ञ श्योनबाइन यांनी १८४० मध्ये त्याला नाव दिले तेही ‘वास येणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच. काकांना तो हुंगायचाच असेल, तर त्यांनी तुळशीपाशी न जाता कोर्टासमोरच्या एखाद्या जुन्या झेरॉक्स मशीनजवळ पाच मिनिटे उभे राहावे. पण हे ग्रुपवर कोण लिहिणार?