तीनापासून सुरुवात: नेपल्समध्ये तोतो आणि त्रोईझीच्या मागावर

तोतो आणि मास्सिमो त्रोईझी हे नेपल्सचे दोन लाडके विनोदी नट. नेपल्सचं तिकीट काढण्याआधी त्यांचे तीन सिनेमे पाहून घ्या: तोतोचा 'मिझेरिया ए नोबिल्ता' (1954), त्रोईझीचे 'रिकोमिन्चो दा त्रे' (1981) आणि 'इल पोस्तिनो' (1994). इंग्रजीत डब केलेली प्रत मात्र नको. त्रोईझी वाक्य अर्ध्यावर सोडतो, अडखळतो, उरलेलं हातांनी सांगतो, आणि हसू नेमकं त्या अडखळण्यात असतं. डबिंगवाला ते वाक्य नीट पूर्ण करतो आणि सगळा विनोद सांडतो. सबटायटल लावायला लाजू नका. नेपल्सची ही बोली उत्तर इटलीतल्या माणसालाही जड जाते.

1981च्या सिनेमाच्या नावाचा अर्थ 'तीनापासून पुन्हा सुरुवात'. शून्यापासून का नाही? तर आयुष्यात तीन गोष्टी जमल्यात, त्या का सोडायच्या! त्यातच बाळाच्या नावाचा वाद आहे. 'मास्सिमिलियानो' नको, कारण आईची हाक पूर्ण होईपर्यंत पोरगं लांब पळालेलं असतं; 'उगो' म्हटलं की जागच्या जागी थांबेल. संगीत नेपल्सचाच गायक पीनो दानिएले याचं. नेपल्सच्या बोलीत शब्दाचा शेवटचा स्वर जवळजवळ गिळला जातो, म्हणून ती ब्लूजच्या ठेक्यात इतकी सहज बसते. त्याचं 'नापुले ए' हे गाणं कानाला हेडफोन लावून ऐका, 'नापुले'तला शेवटचा 'ए' कसा विरतो ते कळेल.

पहिली सकाळ सानिता वस्तीला द्यावी. मेट्रोने 'म्युझेओ' किंवा 'कावूर'ला उतरून व्हेर्जिनी रस्त्याच्या बाजारातून चालत वर जायचं. व्हिया सान्ता मारिया आन्तेसेकुला, घर क्रमांक 109: तोतो इथे 1898 साली जन्मला. बाहेरची पाटी वाचायची आणि पुढे निघायचं, गल्ली राहत्या माणसांची आहे. 1967 मध्ये तो गेला तेव्हा रोम आणि नेपल्समधल्या अंत्यविधींनंतर याच वस्तीने रिकामी शवपेटी ठेवून तिसरा अंत्यविधी केला. टेबलावर चढून स्पॅगेटी खिशात कोंबणारा तोतो पडद्यावर पाहिला असेल, तर या गल्लीने त्याच्यावर एवढा जीव का लावला ते वेगळं सांगावं लागत नाही. भूक इथल्या ओळखीची होती.

त्रोईझीचं गाव सान जोर्जो अ क्रेमानो. तिथे चिर्कुमवेसुव्याना लोकल जाते. गारिबाल्दी स्टेशनात तिचे फलाट खालच्या मजल्यावर आहेत, पण तिथे गाडी भरूनच येते. एक स्टेशन मागे, पोर्ता नोलानाला चढलात तर बसायला मिळतं. गावातल्या व्हिला ब्रुनोत त्याच्या वस्तू मांडल्या आहेत. त्या दिवशी उघडं आहे ना, ते आधी विचारून घ्या.

'इल पोस्तिनो'चं काही चित्रीकरण झालं त्या प्रोचिदा बेटासाठी मोलो बेवेरेल्लो धक्क्यावरून जलद बोट, साधारण 40 मिनिटं. समुद्र खवळला की आधी याच बोटी रद्द होतात. मग पोर्ता दी मास्सा धक्क्यावरची मोठी फेरी धरायची, तासभर लागतो. कोर्रिचेल्लाच्या रंगीत घरांपाशी गाडी जात नाही, पायऱ्याच उतराव्या लागतात, तेव्हा चाकांची बॅग नको. पोत्सो वेक्योचा काळ्या वाळूचा किनारा सिनेमातलाच. बेटावरचे चढ पायांना जाणवले की आठवा: सिनेमात तो पोस्टमन आहे, पण हृदयविकारामुळे त्रोईझीला सायकल झेपत नव्हती, लांबून दिसणारा सायकलस्वार बऱ्याचदा बदली नट आहे. चित्रीकरण संपलं आणि दुसऱ्याच दिवशी, 4 जून 1994 रोजी, तो गेला. वय 41.

सिनेमातलं कवी नेरुदाचं घर मात्र इथे शोधत बसू नका. ते सिसिलीजवळच्या सालिना बेटावर, पोल्लाराला आहे. त्याची सहल वेगळी आखावी लागते.